शेवयांचा पाट आणि जरतारबाई

खूप जुनी गोष्ट आहे. एका नदीकाठी एक गाव होतं. देऊळ, चावडी, वडाचा पार, सगळं इतर गावांसारखंच. पण या गावच्या शेवया दूरदूरच्या बाजारांत नावाजलेल्या होत्या. केसासारख्या बारीक, पांढऱ्याशुभ्र आणि दुधात शिजल्या तरी न मोडणाऱ्या. गावातल्या माणसांना त्याचा इतका अभिमान होता की पाहुणा आला तर पाणी विचारायच्या आधी शेवया दाखवत.

या शेवया एकटीला करता येत नाहीत. एक बाई वर ओट्यावर बसते. तिच्यापुढे बारीक खाचांचा लाकडी पाट उतरता ठेवलेला असतो. मळलेल्या कणकेचा गोळा ती त्या पाटावर तळहाताने वळत राहते आणि खाचांवरून कणकेची तार हळूहळू खाली उतरते. दुसरी बाई खाली अंगणात बसते आणि ती तार काठीवर झेलत जाते. वरचीने घाई केली तर तार जाड येते. खालचीने ओढ घेतली तर तुटते. दोघींना एकमेकींकडे बघायची गरज नसते, पण एकमेकींच्या हाताचा अंदाज मात्र असावा लागतो.

म्हणून त्या गावात सोयरीक जुळवायची रीतच वेगळी होती. मुलीचे नाकडोळे, रंगरूप नंतर बघायचे. आधी तिला पाटावर बसवायचे आणि होणाऱ्या सासूला खाली काठी घेऊन बसवायचे. तार न तुटता जमिनीपर्यंत आली की तिथल्या तिथे साखर वाटायचे.

गावाच्या टोकाला एक सासू आणि तिची सून राहत होत्या. सासूचा नवरा पूर्वीच वारला होता. मुलगा बैलगाडीत शेवया घालून बाजारोबाजार फिरायचा, त्यामुळे घरात बहुतेक वेळ या दोघीच. सून वर बसायची, सासू खाली. त्यांची तार गावात सगळ्यांत बारीक. आता या दोघी कधी भांडत नव्हत्या असं सांगितलं तर ती थाप होईल. आमटीतल्या मिठावरून भांडायच्या, मांजरीला घरात घ्यायचं की नाही यावरून तर रोज भांडायच्या. पण भांडण चालू असतानाही हात चालू असायचे आणि तार काही तुटायची नाही.

एका उन्हाळ्यात, ऐन शेवयांच्या दिवसांत, गावात एक गाडी आली. गाडीत बाहुल्या होत्या. चावडीपुढच्या मैदानात बांबू रोवले गेले, काळा पडदा ताणला गेला आणि ढोल वाजू लागला. बाहुल्या नाचवणारे हात कुणाला दिसत नसत. पडद्यामागे जायचं नाही, असा रिवाज होता आणि तो गावाने पाळला.

खेळ होता एका वाड्यातल्या सासूसुनेचा. सासूचं नाव जरतारबाई. अंगावर जरीचं लुगडं, नाकात चेहऱ्यापेक्षा मोठी नथ, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. सुनेचं नाव पोवळाराणी. दिसायला गोड, बोलायला मधाळ, आणि मनात मात्र एकच, की सासूच्या कमरेचा जुडगा आपल्या कमरेला कसा येईल. ती रोज काहीतरी नवं कारस्थान करायची. जरतारबाईला ते रोज आधीच कळायचं. कळलं की तिची मान तीनदा गर्रकन फिरायची, दर वेळी ढोलावर टिपरू पडायचं, डोळे वटारले जायचे. आणि आता काय होणार म्हणून सगळे श्वास रोखून बसले की पडदा पडायचा. पुढचं उद्या.

गाव वेडं झालं, दुसरा शब्द नाही. दिवसभर बोलणं त्या खेळाचं. बाया भाकऱ्या थापताना नथ घालून बसू लागल्या. पाटील मोठे गंभीर गृहस्थ, पण तेही निवाडा सांगायच्या आधी मान तीनदा फिरवू लागले आणि फिर्यादी घाबरून अर्धी तक्रार मागे घेऊ लागले. इथपर्यंत गंमतच होती.

पण हळूहळू दुसरंच काही बदललं. पूर्वी एखाद्या घराचं कौतुक व्हायचं ते त्यांच्या शेवयांवरून, किंवा दारातून कुणी उपाशी गेलं नाही यावरून. आता पारावर विचारायचे, “काल त्यांच्याकडे कोण कुणाला काय बोललं?” जिचं उत्तर झणझणीत, तिचं कौतुक. जी गप्प बसली ती बावळट. सासवांनी जरतारबाईचा पक्ष घेतला, सुनांनी पोवळाराणीचा. साधं “ताक घेता का?” विचारलं तरी, यामागे हिचा काय डाव असेल, असं समोरचीच्या मनात येऊ लागलं.

आपली सासू पहिल्या रांगेत बसायची. एकदा अंगात ताप होता तरी घोंगडी पांघरून गेली. तिच्या आयुष्यात फारसं काही घडत नव्हतं, आणि इथे रोज काहीतरी घडत होतं. त्यातून जरतारबाई तिला मनापासून आवडली होती. काय तिचा रुबाब, काय तिची नजर. “हिला कुणी फसवू शकत नाही,” ती शेजारणीला म्हणायची. मग घरी येताना स्वतःच्या मनात म्हणायची, आणि मी बघा. मी तर डोळे मिटून विश्वास ठेवत आले.

तेव्हापासून ती डोळे उघडे ठेवून वागू लागली.

सासूला खोकला झाला होता. सुनेने आलं, मिरी आणि गूळ घालून काढा केला आणि आणून दिला. “आत्याबाई, गरम आहे तोवर घ्या,” ती म्हणाली. आदल्याच दिवशी पोवळाराणीने जरतारबाईला असाच गोड बोलून दुधाचा पेला दिला होता. सासूने काढा हातात घेतला, सून आत गेली तसा हळूच तगरीच्या मुळाशी ओतला आणि रिकामा पेला परत दिला. तगर चांगली फुलली. सासूचा खोकला मात्र वाढत गेला.

मग सुनेने कणगीतले गहू काढायला कोठीची किल्ली मागितली. आजवर ती किल्ली खुंटीला असायची. सासूने ती कमरेला बांधून टाकली. “मीच काढून देईन,” ती म्हणाली. सुनेला नवल वाटलं, पण ती काही बोलली नाही. न बोलणं हेसुद्धा सासूला संशयास्पद वाटलं. पोवळाराणी अशीच गप्प बसते आणि मग घाव घालते.

मुलगा बाजाराहून आला की नवराबायको आत हसतबोलत बसत. सासू दाराला कान लावून उभी राहिली. आत काय चाललं होतं? बैलाच्या शिंगांना कुठला रंग लावायचा, याची चर्चा. पण सासूने मनाशी म्हटलं, बैल म्हणजे मीच असणार.

सगळ्यात मोठी गंमत अशी की सासूला आता फार बरं वाटत होतं. आपल्या घरातही वाड्यातल्यासारखं काहीतरी चाललंय, आपणही कुणीतरी आहोत, असं वाटत होतं. आणि त्याच वेळी तिला फार एकटंही वाटत होतं. ही दोन्ही एकदम कशी वाटतात ते तिलाही कळत नव्हतं.

मग एक दिवस दोघी शेवयांना बसल्या. सून वर, सासू खाली. आणि तार तुटली. सुनेने गोळा पुन्हा वळला. तार पुन्हा तुटली. पुन्हा, पुन्हा. खरं कारण कुणालाही दिसलं असतं. सासू तारेकडे बघतच नव्हती. ती सुनेच्या चेहऱ्याकडे बघत होती, तिथे काही कारस्थान दिसतंय का ते शोधत. हातातली काठी आपोआप ओढ घेत होती.

“तू मुद्दाम तोडतेस,” सासू म्हणाली. “माझं नाव खराब व्हावं म्हणून.”

एवढं बोलून तिने मान तीनदा फिरवली.

सुनेचे हात थांबले. तिने कणकेचा गोळा खाली ठेवला. मग म्हणाली, “आत्याबाई, किती दिवस झाले, तुम्ही माझ्याशी बोलतच नाही. तुम्ही त्या पोवळाराणीशी बोलता. मी इथे बसलेली तुम्हाला दिसते तरी का?”

सासूने जरतारबाईचं उत्तर आठवून बघितलं. जरतारबाईला असं कधी कुणी विचारलंच नव्हतं.

सुनेने पाट पुसला, भिंतीला उभा करून ठेवला आणि हात धुतले. “मी उद्या शेवटच्या नावेने माहेरी जाते,” ती म्हणाली. “हे आले की सांगा. परत यायचं की नाही ते तिथे गेल्यावर बघीन.” तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर सासूला बरं वाटलं असतं, कारण चढलेल्या आवाजाला काय बोलायचं ते तिला आता पाठ होतं.

सासूला झोप लागली नाही. हा सुनेचा नवा डाव आहे, असं ती स्वतःला सांगत होती. पण ते तिचं तिलाच पटत नव्हतं. सकाळी सुनेने मुकाट्याने चूल पेटवली, भाकरी केली, सासूला वाढलं. दुपार झाली तशी सासूने ठरवलं, आता जरतारबाईलाच विचारावं. सून घर सोडते म्हणाली तर सासूने काय करायचं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? बाहुल्यांचा आज शेवटचा खेळ होता. उद्या गाडी पुढच्या गावाला जाणार होती.

पदराखाली शेवयांची पुडी घेऊन ती मैदानात गेली. इकडेतिकडे बघितलं आणि रिवाज मोडून पडद्यामागे शिरली.

तिथे वाडा नव्हता. एक चटई होती, तिच्यावर एक म्हातारी पाय लांब करून बसली होती आणि एक तरुण बाई तिच्या गुडघ्यांना तेल चोळत होती. शेजारी एका ताटात कांदा आणि अर्धी भाकरी. दोघींनी एकाच ताटात जेवण केलेलं दिसत होतं. मागे बांबूला जरतारबाई आणि पोवळाराणी शेजारीशेजारी टांगलेल्या होत्या, डोकी खाली, पाय वर.

“कोण पाहिजे बाई?” म्हातारीने विचारलं.

“जरतारबाईला जी बोलती करते तिला भेटायचं होतं,” सासू म्हणाली. तिने पुडी पुढे केली. “तुम्हीच ना?”

म्हातारी हसली. “छे गं. माझ्या आवाजाला आता धार कुठली? जरतारबाई ही बोलते. माझी सून आहे ही. मी पोवळाराणी नाचवते.”

सासू जागच्या जागी बसली. “म्हणजे सासूचं काम सून करते?”

“आणि सुनेचं काम सासू करते,” तरुण बाई म्हणाली. “लग्न झालं तेव्हापासून असंच आहे. आत्याबाई तर रडतात इतक्या छान, की मला कधीकधी त्यांना रागावताना वाईट वाटतं.”

“मग तुम्ही दोघी भांडता कधी?”

“रोज पडद्यापुढे भांडतो तेवढं पुष्कळ झालं,” म्हातारी म्हणाली. “इकडे भांडून चालत नाही बाई. हिने दोरी सैल सोडल्याशिवाय मला माझी ओढता येत नाही. एकीने हट्ट केला की दोन्ही बाहुल्या गुंततात आणि मग सोडवत बसा.”

सासूला हे ऐकून आपलं अंगण आठवलं. मग जरा चिडूनच म्हणाली, “मग असा खेळ दाखवता कशाला? तुम्ही दोघी एका ताटात जेवता आणि आम्हाला एकमेकींच्या झिंज्या उपटायला शिकवता?”

म्हातारीला राग आला नाही. ती गुडघा चोळत म्हणाली, “आधी आम्ही चांगल्या सासूसुनेचा खेळ करायचो. दोघी मिळून सण करायच्या, पाहुण्यांना वाढायच्या. माणसं जांभया द्यायची. निम्मी उठून जायची आणि आमच्या झोळीत चार दाणेसुद्धा पडायचे नाहीत. एकदा काय झालं, दोरी अडकली आणि सासूचा हात फाडकन सुनेच्या गालावर बसला. मी घाबरले, म्हटलं खेळ बिघडला. आणि बघते तर उठलेली माणसं परत येऊन बसली. पुढे सरकून बसली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोरी मुद्दाम अडकवली.”

“मग?”

“मग काय. तिसऱ्या गावात विष घातलं, चौथ्या गावात किल्ल्या पळवल्या. माणसं जिथे पुढे सरकतात तिकडे आमचे हात आपोआप जातात. कधी वाटतं, हे बरं नाही. पण पोट आहे ना बाई मागे.” म्हातारी जरा थांबली. “तुम्ही पहिल्या रांगेत बसता. पडद्याच्या फटीतून तुमचं तोंड मला रोज दिसायचं. तुम्ही कधी पुढे सरकता ते बघूनच मी पोवळाराणीला रडवायची.”

आपण इतके दिवस जरतारबाईकडून शिकतोय असं सासूला वाटत होतं, आणि तो खेळच आपल्या तोंडाकडे बघून चालत होता.

“माझी सून घर सोडून जाते म्हणाली,” ती हळू आवाजात म्हणाली. “मी तुम्हाला विचारायला आले होते, की अशा वेळी जरतारबाई काय करील?”

दोघी कळसूत्रीवाल्या एकमेकींकडे बघू लागल्या. मग तरुण बाई म्हणाली, “ती आज सुनेला उंबऱ्याबाहेर काढणार आहे. शेवटचा खेळ आहे ना, लोकांना तेच पाहिजे. पण बाई, तिला विचारू नका. तिचं डोकं पांगाऱ्याच्या लाकडाचं आहे. खेळ संपला की आम्ही तिला पोत्यात घालतो. तुमच्यापाशी तर खरी सून आहे.”

सासू उठली ती तडक घरी निघाली. काय बोलायचं ते काही ठरलं नव्हतं. घरी पोचली तर दार ओढून घेतलेलं होतं. चुलीवर काढ्याचं भांडं झाकून ठेवलं होतं, अजून कोमट होतं. सुनेचं गाठोडं नव्हतं.

नदीवर जायची वाट मैदानावरून जात होती. शेवटचा दिवस म्हणून खेळ उन्हं कलतानाच सुरू होणार होता आणि सगळा गाव आधीच येऊन बसला होता. ढोल वाजत होता. पहिल्या रांगेत, अगदी मधोमध, तिची जागा शेजारणीने पदर टाकून राखून ठेवली होती.

“अगं ये लवकर,” शेजारीण म्हणाली. “आज काढतेय हं बाहेर. बस बस.”

पडदा वर गेला. जरतारबाई उभी होती, आज तर तिला नवं लुगडं नेसवलं होतं. समोर पोवळाराणी हात जोडून. ढोलावर पहिलं टिपरू पडलं आणि जरतारबाईची मान गर्रकन फिरली. सासूचे पाय तिथेच थबकले. खोटं कशाला सांगावं, तिला बसायचं होतं. अख्खा उन्हाळा ती याच दिवसाची वाट बघत होती. थोडंसं बघून जाऊ, एवढ्यात काय होतंय, असं तिच्या मनात आलंच.

मग तिला चुलीवरचं कोमट भांडं आठवलं. भांडण करून निघालेली बाई, जाताना काढा करून ठेवते. असं पोवळाराणीने कधीच केलं नव्हतं. करणार कशी? तिला खोकला म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

“मला जायचंय,” सासू म्हणाली आणि पहिल्या रांगेपुढून, लोकांच्या मधून वाट काढत चालू लागली.

“अहो बसा की खाली, दिसत नाही,” मागून कुणीतरी ओरडलं. शेजारीण म्हणाली, “अगं, शेवट चुकेल तुझा.” सासू थांबली नाही. पाठीमागे ढोल वाढत गेला, लोकांचा हुंकार आला, पण तिने मान वळवली नाही. एकदाही नाही.

घाटावर सून पायरीवर बसली होती, मांडीवर गाठोडं घेऊन. नाव काठाला बांधलेली होती आणि नावाडी कुठेच नव्हता. तो खेळ बघायला गेला होता, आणि खेळ संपल्याशिवाय येणार नव्हता. गावाचं खेळापायी काय काय बिघडलं ते सांगून झालंच आहे, तेव्हा एवढी एक गोष्ट त्याच्यामुळे बरी झाली हेही सांगायला हवं.

सासू धापा टाकत पायऱ्या उतरली आणि सुनेच्या शेजारी बसली. खोकल्याची ढास आली.

“काढा घेतला नाहीत,” सून म्हणाली.

“आजचा राहिला. आणि त्याआधीचे सगळे मी तगरीला घातले.”

“माहीत आहे मला. तगरीला एवढा बहर कधी येतो का?”

सासूला रडू आलं. खेळात रडतात तसं हात कपाळाला लावून नव्हे, नुसतंच नाकडोळ्यांतून पाणी येऊ लागलं आणि ते पदराने पुसता पुसेना. “माझं चुकलं गं पोरी,” ती म्हणाली. “माझ्या डोळ्यांना काय झालं होतं कुणास ठाऊक. तू समोर असायचीस आणि मला दुसरीच दिसायची.”

सून नदीकडे बघत होती. तिचं मन दुखलं होतं आणि ते दोन शब्दांनी भरून येण्याइतकं लहान दुखणं नव्हतं. आत्याबाई आज रडतायत, उद्या पुन्हा मान फिरवतील, असं तिला वाटत होतं. लांबून मैदानातला गलका ऐकू आला. तिने सहज विचारावं तसं विचारलं, “काढलं का मग पोवळाराणीला घराबाहेर?”

“काय माहीत,” सासू म्हणाली.

“म्हणजे?”

“मी बघितलं नाही. मान फिरवली तेवढी बघितली आणि इकडे आले.”

सुनेने पहिल्यांदाच वळून सासूकडे बघितलं. तापातही ज्या बाईने एक दिवस चुकवला नव्हता, पहिल्या रांगेतली जागा जिने कुणाला दिली नव्हती, ती शेवटचा खेळ सोडून आपल्यासाठी नदीवर पळत आली होती. सुनेच्या मनातला राग एकदम गेला असं नाही. पण तो आता जवळ ठेवण्यात काही अर्थ उरला नाही. तिने गाठोडं उचललं आणि सासूच्या हातात दिलं.

“हे तुम्ही धरा,” ती म्हणाली. “मी तुम्हाला धरते. पायऱ्या निसरड्या आहेत.”

घाट चढता चढता दोघींचं मांजरीवरून भांडण झालं. सासूला ते भांडण फार गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गेली आणि मैदानात नुसती भोकं राहिली, बांबू रोवले होते तिथे. सासूसून पाट मांडून बसल्या होत्या. सासूची नजर तारेवर होती आणि तार सुतासारखी सरळ खाली येत होती. इतक्यात शेजारीण लगबगीने अंगणात आली.

“अगं, काय झालं माहीत आहे का काल? तू गेलीस आणि जरतारबाईने...”

“थांब,” सासू म्हणाली. “ही काठी भरत आली. आधी दुसरी काठी घेऊन पुढची तार झेल, मग सांग.”

शेजारीण काठी घेऊन बसली. तार झेलताना दुसरीकडे लक्ष देता येत नाही, त्यामुळे सांगायचं राहिलं. थोड्या वेळाने ती म्हणाली, “आमच्याकडे पाट भिंतीला टेकवून ठेवलाय कधीचा. सून माझ्याशी बोलत नाही, मी तिच्याशी बोलत नाही.” आणखी थोड्या वेळाने म्हणाली, “तिचा हात मात्र हलका आहे हो, तार बारीक येते.” मग काठी खाली ठेवून उठलीच. “जाते मी. ऊन चढायच्या आत दोन गोळे होतील.”

त्या उन्हाळ्यात गावातले सगळेच पाट काही लगेच खाली उतरले नाहीत. दोनतीन घरांत वेगळ्या झालेल्या चुली वेगळ्याच राहिल्या. पाटलांची मान तर पुढे कितीतरी दिवस फिरत होती. पण आभाळ भरून यायच्या आत बहुतेक अंगणांत शेवया वाळत पडल्या, आणि घरी सून हाक मारी तेव्हा तिच्याकडे बघून ओ देणाऱ्या सासवा पुन्हा दिसू लागल्या.

पुढल्या वर्षी बाहुल्यांची गाडी परत आली. सासू सुनेला घेऊन खेळाला गेली आणि पोट धरून हसली. तिला आता तो खेळ जास्तच आवडत होता, कारण पोवळाराणी रडू लागली की पडद्यामागची गुडघे दुखणारी म्हातारी तिच्या डोळ्यांपुढे यायची. मध्येच सुनेने “आत्याबाई, भूक लागली, जायचं का?” असं विचारलं, तशी ती उठली आणि पदर झटकून चालू लागली.

आदल्या वर्षी पोवळाराणीचं शेवटी काय झालं, ते तिला कधीच कळलं नाही. कुणाला विचारायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही.

तात्पर्य एवढंच: खेळ खुशाल बघावा, हसावं, रडावंही, पण घरी येताना त्यातली नजर तिथेच ठेवून यावं, कारण त्या नजरेने आपली माणसं दिसत नाहीत.